बायकोच्या अर्जावर माझी हरकत

माणूस मोटरसायकलवरून उतरला, फाइल काखेत मारली आणि दारातूनच माझ्या बायकोच्या नावानं हाक दिली. नुसतं नाव नाही, मधे माझं नाव आणि शेवटी आडनाव, शाळेत हजेरी घेतात तशी. मी जांभळाखाली बाजेवर पडलो होतो. म्हटलं, "ती नाही."

"कधी येतील?"

"नाही यायची."

"मग मी संध्याकाळी चक्कर मारू का?"

"मारा की. पण ती अकरा महिन्यांमागं वारली."

त्यानं हेल्मेट काढलं. तिशीतला असेल, उन्हानं करपलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. बिचारा ते हातात धरून माझ्याकडं बघत राहिला. मला आता याची सवय झाली होती. बायको मेली म्हटलं की समोरचा माणूस आपल्याकडंच बघत बसतो, जसं काही आपणच काहीतरी केलंय. मी त्याला बाजेवर बसायला जागा दिली आणि तांब्या पुढं केला.

पाणी पिऊन तो म्हणाला, "काका, मी उद्यान विभागाकडून आलोय. त्यांचा अर्ज आहे. झाड तोडायला परवानगी मागितलीये."

"कुठलं झाड?"

त्यानं वर बघितलं. मीही बघितलं.

मला चष्मा सापडेना म्हणून अर्ज त्यानंच वाचून दाखवला, आणि मला कमी ऐकू येतं म्हणून मोठ्यानं वाचला. त्यामुळं बायकोनं माझी सरकारदरबारी तक्रार केलीय हे मला आणि सगळ्या गल्लीला एकाच वेळी कळलं. अर्जात लिहिलं होतं, माझ्या दारात जांभळाचं झाड आहे. ते जेसीबी लागून चिरलं आहे. आमचे मालक रोज दुपारी नेमके त्याच्याच खाली झोपतात. त्यांना पुष्कळ सांगितलं. ते ऐकत नाहीत. झाड पडून त्यांचं काही बरंवाईट होईल. तरी साहेबांनी झाड तोडायची परवानगी द्यावी.

अक्षर कुणा दुसऱ्याचं, झेरॉक्सच्या दुकानातलं असावं. सही तिची होती. ती प्रौढ साक्षरता वर्गाला जाऊन सही शिकली. शेवटचं अक्षर कायम ओळीच्या खाली पडायचं. इथंही पडलं होतं. मी त्या अक्षराकडं बघत बसलो, तर साहेबाला वाटलं मी वाचतोय. त्यानं कागद नीट धरून ठेवला.

"पण हा अर्ज एवढे दिवस कुठं होता?"

"कासारवाडीत," तो म्हणाला. "अर्जावर तिथला पत्ता आहे. मी तिथं दोनदा जाऊन आलो. जांभूळ सोडा, तिथं गवताची काडी नाही. खोलीच्या जागी मोबाइलचं दुकान झालंय. मागच्या एका बाईंनी सांगितलं, त्या लोकांनी आळंदी रस्त्याच्या आत घर बांधलं, तिकडं बघा."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कासारवाडीच्या चाळीत आम्ही सुरुवातीची बरीच वर्षं काढली. तिथली ती मागची बाई म्हणजे हिची मैत्रीण. पत्र माझ्या हाती लागू नये म्हणून हिनं मुद्दाम मैत्रिणीच्या चाळीचा पत्ता घातला होता. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या, भाजीवाल्याकडं भाव करायलासुद्धा लाजणाऱ्या बाईनं हा डाव खेळला होता. मी साहेबाला म्हटलं, "फार पोचलेली होती." तो हो म्हणाला. त्याला काय माहीत.

आता झाडाविषयी. लोकांना वाटतं, बाई गेली, तिच्या दारात झाड आहे, म्हणजे तिनं लावलं असणार. दहाव्याला आलेल्या दोन-तीन बायका त्या बुंध्याला हात लावून रडल्या. मी त्यांना रडू दिलं. खरी गोष्ट अशी की ही या झाडाची दुश्मन होती. झाड कुणी लावलं नाही. घराचं काम चालू असताना मी जांभळं खात होतो आणि न्हाणीच्या पाण्याच्या बाजूला बी थुंकली. तिथं उगवलं. हिनं पहिल्या वर्षी दोनदा उपटलं आणि दोनदा ते मुळापासून परत आलं. तिसऱ्या वेळी मी आडवा पडलो.

त्याला फळ धरायला लागल्यापासून दर मे-जूनमध्ये आमच्या घरात एकच भांडण. वाळत घातलेल्या चादरी जांभळ्या, अंगणातली फरशी जांभळी, नातवाचे बूट जांभळे. ती झाडाला झाड म्हणायची नाही. "तुमची ती" म्हणायची. "तुमच्या तिनं माझी नवी साडी खाल्ली." मी म्हणायचो, साडी तिच्याखाली वाळत कशाला घालायची. ती म्हणायची, उन्हाचा तेवढाच तुकडा ठेवलाय तिनं, मग कुठं घालू, तुमच्या डोक्यावर? यावर मला कधी उत्तर सुचलं नाही. आजही सुचलेलं नाही.

तीन वर्षांमागं गल्लीत पाइप टाकायला जेसीबी आला. मागं घेताना त्याचा दांडा झाडाला लागला. आमचं जांभूळ छातीएवढ्या उंचीवर दोन खोडांत फुटलंय, एक खोड घराकडं, एक गल्लीकडं. धक्का बसला तो बरोबर त्या बेचक्यात. वीतभर चीर पडली. जेसीबीवाला पळून गेला. ही म्हणाली, बरं झालं, आता तोडा. मी म्हटलं, मी दुरुस्त करतो.

कारण माझं आयुष्यच त्यात गेलं. मी चौथी शिकलेला. मराठवाड्यातून आलो आणि भोसरीला एका कारखान्यात लोखंडाच्या ओतकामाकडं लागलो. शेवटची वर्षं माझं काम एकच होतं. तडा असल्याचा संशय आलेला नग माझ्यापुढं यायचा. मी तो टांगायचा, हातोडीनं ठोकायचा आणि ऐकायचं. घंटेसारखा वाजला तर चांगला. बद्द वाजला तर आत तडा. मग ठरवायचं, हा बाद की दुरुस्तीला लावायचा. बाद असेल तर लाल रंग, दुरुस्तीचा असेल तर पिवळा. शिकलेले इंजिनिअर मशीन घेऊन यायचे आणि शेवटी मला विचारायचे, काका, तुम्हाला काय वाटतं. त्या कारखान्यानं माझे कान नेले आणि निरोपाला एक घड्याळ दिलं. पण डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. जे उघडलंय ते आवळायचं.

चाकणला माझ्या जुन्या सोबत्याचं लहान वर्कशॉप आहे. त्याच्याकडून मी लोखंडी पट्टा वाकवून आणला, दोन अर्धे तुकडे, दोन्ही बाजूंना बोल्ट. बेचक्याच्या वर दोन्ही खोडांना मिळून बसवला आणि आवळला. काय सुंदर बसला होता. सोबती फोटो काढून घेऊन गेला.

मग दर महिन्याला मी तपासायचो. आणि दर महिन्याला नट ढिले. एक तारखेला आवळावेत आणि पुढच्या एक तारखेला बघावं तर दोन-तीन आटे मागं. मी सोबत्याला फोनवर शिव्या दिल्या, कसले नट दिलेस. त्यानं दुसरे दिले. तेही ढिले. मी नटावर नट चढवला. दोन्ही ढिले. म्हटलं, वाऱ्यानं हलतं म्हणून सुटत असणार, कंपनानं सुटतात नट, हे मला शिकवायची गरज नाही. बायको ओट्यावर भाजी निवडत ऐकत असायची. "वारा फार आहे इकडं," एवढंच म्हणायची.

ती गेली त्यानंतर पट्टा शेवटी जाग्यावर बसला. नट हलेना. तेवढंच एक समाधान होतं मला त्या सगळ्या वर्षात. पण झाडाचं काहीतरी बिनसलं. गल्लीकडच्या खोडाची पानं बारीक आणि पिवळी यायला लागली. यंदा फळ धरलं ते फक्त घराकडच्या खोडाला. आणि साहेब यायच्या आठवडाभर आधी वावटळ उठली, त्यात चीर वीतभराची हातभर झाली. आत माझी चार बोटं जात होती. तरी मी तिथंच बाज टाकत होतो. घरात झोप येत नव्हती, घरात पलंगाची एक बाजू रिकामी दिसते.

साहेबानं चीर बघितली, मोबाइलवर फोटो काढले आणि बुंध्याला एक नोटीस चिकटवली. म्हणाला, "सात दिवस. कुणाची हरकत असेल तर लेखी द्यायची. नसेल तर परवानगी निघेल. तुमच्या मनात नसेल काका, तर अर्ज मागं घ्या."

"घेतला."

"तुम्ही नाही. अर्जदारानंच मागं घ्यायचा असतो."

"अर्जदार कुठून आणू?"

त्यानं फाइल उगाच चाळली. मग म्हणाला, "हरकत मात्र कुणीही घेऊ शकतं. तुम्हीसुद्धा."

"म्हणजे मी बायकोच्या अर्जावर हरकत घ्यायची?"

"नियमानं चालतं."

"चालतं म्हणजे काय," मी म्हटलं, "जन्मभर तेच तर केलं."

साहेब हसला आणि मग हसल्याबद्दल त्याला वाईट वाटलं. चांगला होता पोरगा. जाता जाता म्हणाला, तोवर बाज तरी हलवा. मी नाही हलवली.

पोराला कुठून कळलं कोण जाणे. तो माण गावात राहतो, अठराव्या मजल्यावर, कॉम्प्युटरच्या कामाला जवळ पडतं म्हणून. त्याचा फोन आला. "बाबा, आईची शेवटची इच्छा होती ती. तोडून टाका आणि इकडं या राहायला."

"तुझ्या आईची शेवटची इच्छा चहात साखर घाला अशी होती. ती पुरवली नाही कुणी. आता झाड तोडून काय होणार?"

"बाबा, विषय काय आणि तुम्ही बोलताय काय."

"अठराव्या मजल्यावर झाड उगवतं का?"

"कुंड्या आहेत की."

मी फोन ठेवला.

मग हरकत लिहायला बसलो. कारखान्यातल्या फळ्यावर सोडून मी कधी एवढं लिहिलेलं नाही, पण रागात हात चालतो. नातवाची जुनी वही घेतली. पहिला खर्डा असा होता. सदर अर्जदार बाईंना सदर झाडाचा पहिल्यापासून राग आहे. त्यांनी सदर झाड लहानपणी दोनदा उपटलं आहे. त्यांनी मला न विचारता आणि खोटा पत्ता घालून अर्ज केला आहे. मी ऐकत नाही हे खोटं आहे, मला ऐकू येत नाही, त्यात माझा दोष नाही. झाडाची दुरुस्ती मी स्वतः केली असून पट्टा पक्का आहे. तरी अर्ज फेटाळावा. वाचून बघितलं आणि फार बरं वाटलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा घरात भांडण झाल्यासारखं वाटलं. तिनं बाजू मांडलीय, मी उत्तर देतोय. मी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पण नुसत्या रागावर हरकत टिकत नाही. ऑफिसात कुणी विचारलं, तुम्हाला काय माहीत झाड टिकेल म्हणून, तर काय सांगणार? नग तपासल्याशिवाय पिवळा रंग मी कधी लावला नाही. म्हणून माळ्यावरून लाकडी मोगरी काढली आणि झाडाला ठोकायला लागलो. वर, खाली, चिरीच्या दोन्ही बाजूंना. हाताला धक्का कळत होता, आवाज कळत नव्हता. पूर्वी ही असायची. मी दारावर टकटक झाली का विचारायचो, ती सांगायची. कुकरच्या शिट्ट्या तिच्या कानांनी मोजायचो. आता ऐकायला कुणी नव्हतं, आणि हा नग बघायला दुसरा इन्स्पेक्टर बोलवायची वेळ आली.

शेजारचा म्हातारा कुंपणावरून बघतच होता. इथल्या जुन्या गावातला, ही सगळी जमीन एकेकाळी त्यांचीच. माझा प्लॉटही त्यानंच मला विकला. इतकी वर्षं झाली तरी मला पाव्हणंच म्हणतो.

"काय पाव्हणं, झाडाला मारताय व्हय?"

"ठोकून बघतोय. आतून कसं वाजतं सांग. तुझे कान चांगलेत."

तो आला. मी ठोकायचो, तो बुंध्याला कान लावून डोळे मिटून उभा राहायचा. तोंडात तंबाखू, त्यामुळं उत्तर यायला उशीर. घराकडचं खोड झालं. "ह्ये निब्बर हाय. भरल्या रांजणावानी वाजतंय." मग गल्लीकडचं. तो दोनदा ऐकून बाजूला सरला, थुंकून आला.

"ह्यात दम न्हाई. आन चीर खाली उतरलीया. पन त्ये जाऊ द्या. आदी हा पट्टा सोडा."

"पट्टा सोडला तर फाटेल."

"पट्ट्यानंच मरतंय, पाव्हणं. डोळं हायत का? वरनं बघा कसं फुगलंय. बैलाच्या मानंत दोर रुतावा तसं रुतलंय लोखंड. त्यानं घास गिळावा कसा?"

मी बघितलं. पट्ट्याच्या वर साल फुगून पट्ट्यावर चढली होती, जशी कंबरपट्ट्यावरून ढेरी येते. रोज बघत होतो आणि मला वाटत होतं, झाड जोमात आहे.

"तीन वर्षं टिकलं ना पण याच पट्ट्यावर?"

म्हातारा हसला. "ह्याच्यावर न्हाई टिकलं. तुमच्या मालकिणीवर टिकलं."

"काय?"

त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. मोठ्यानं म्हणाला, "म्या म्हनलं, मालकिणीवर. तुमी एक तारखंला आवळून तिकडं स्टॉपवर पेन्शनरांच्यात जाऊन बसायचा. तुमी वळनावर गेला की ती यायची माज्याकडं. 'दादा, तुमचा पाना द्या.' घ्यायची आन ढिलं करायची. तुमी नटावर नट घातला तवा दोन पाने लागले, एक मीच धरला."

मी बाजेवर बसलो. राग आला होता. एवढी वर्षं मी वाऱ्याला दोष देत होतो. सोबत्याला शिव्या घातल्या होत्या, त्या बिचाऱ्याच्या वर्कशॉपचं नाव सगळ्यांत खराब केलं होतं.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगू नका म्हनली. त्यांचा जीव त्या नटात हाय, म्हनली."

"पण तिला तर झाड तोडायचं होतं. अर्ज तिनंच केलाय. मग ढिलं कशाला करायची?"

"त्ये म्याबी इचारलं. म्हनली, तोडायचं तर कुऱ्हाडीनं एका दिवसात तोडावं. रोज थोडा थोडा गळा दाबून कुनाला मारायचं नसतं." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुमी तिला कदी इचारलं का, नट का ढिलं व्हत्यात? ती तितंच बसलेली असायची की."

मी विचारलं नव्हतं. मला कारण माहीत होतं ना.

तो गेल्यावर मी हिशोब मांडला. हिशोब सरळ होता. ती होती तोवर झाड जगलं, कारण ती सोडत होती. ती गेली, माझा पट्टा आवळलेलाच राहिला, आणि जेसीबीनं जे केलं नाही ते मी केलं. वहीतला खर्डा मी काढला आणि 'पट्टा पक्का आहे' या ओळीवर आलो आणि वही मिटली.

पट्टा काढायला दुसरा सगळा दिवस गेला. नट गंजून एक झाले होते, शेवटी हॅकसॉनं बोल्ट कापले. एक अर्धा तुकडा निघाला. दुसरा सालीच्या आत गेला होता, तो ओढला तर साल येत होती, म्हणून तिथंच ठेवला. म्हाताऱ्यानं पाना आणला होता, तो कामाला आला नाही, पण तो घेऊन बसून राहिला. काढताना मी झाडाला काय काय बोललो ते सांगत नाही. एक-दोन गोष्टी झाडासाठी नव्हत्या.

आता प्रश्न उरला तो खरा. तोडायचं की ठेवायचं. पट्टा गेल्यावर गल्लीकडचं खोड आणखी दोन बोटं सरकलं, मी आणि म्हातारा दोघांनी बघितलं. सकाळी तिथं शाळेची रिक्षा थांबते. मी मनाशी म्हटलं, बाबा, नग तुझा आहे म्हणून पिवळा रंग लावू नको. कारखान्यात एकदा माझ्याच मेव्हण्यानं ओतलेला नग माझ्यापुढं आला होता, तोही मी लाल केला आणि वर्षभर घरात जेवण गार मिळालं. मग इथं काय अडलंय? अडलं होतं ते हे, की लाल रंग लावला तर ती जिंकणार होती, आणि जिंकल्यावर टोमणा मारायला ती नव्हती. नुसतं हरून काय मजा?

सातव्या दिवशी मी ऑफिसला गेलो. खिडकीवर एक बाई होत्या. त्यांनी माझा कागद घेतला, अर्जाची फाइल काढली, दोन्हीकडं बघितलं.

"अर्जदार तुमच्या कोण?"

"बायको."

"आणि हरकत तुमची?"

"हो."

"घरात बोलता येत नाही का तुम्हाला?"

"नाही," मी म्हटलं. खरंच होतं ते.

मागून तो मोटरसायकलवाला साहेब धावत आला आणि त्यांच्या कानात काहीतरी म्हणाला. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मला स्टूल दिलं. मला स्टूल नको होतं. कागद वाचायला हवा होता, तो त्यांनी मग वाचला.

रात्रभर खोडून खोडून मी एवढंच लिहिलं होतं. अर्जदार बाईंचा अर्ज निम्मा बरोबर आहे. गल्लीकडचं खोड बाद आहे, ते काढावं, त्याला माझी हरकत नाही. घराकडचं खोड मी ठोकून आणि शेजाऱ्याकडून ऐकून बघितलं, ते चांगलं आहे, ते ठेवावं. झाडाचं नुकसान जेसीबीनं कमी आणि मी जास्त केलं आहे. मी ऐकत नाही असं अर्जात लिहिलं आहे, ते खरं आहे.

बाई म्हणाल्या, "काका, हरकतीत शेवटची ओळ लागत नाही."

"राहू द्या."

"आणि निम्मं झाड तोडायची परवानगी नसते. हे छाटणीत बसवावं लागेल." साहेब म्हणाला, मी येऊन बघतो आणि बसवतो. तो खरंच आला. चीर बघून, दोन्ही खोडं बघून म्हणाला, तुम्ही म्हणता तसंच करू. मग तोडायच्या खोडावर खूण करायला गेरू आहे का विचारलं. मी सांगितलं, लाल आणि पिवळा दोन्ही आहेत घरात.

फांद्या तोडणारा गडी चाकणकडून आला, दोर आणि मशीन घेऊन. गल्ली दोन्ही बाजूंनी बंद केली. म्हातारा खुर्ची टाकून बसला, जसं काही लग्न आहे. पोरगाही माणहून आला, रजा काढून, आणि माझ्या शेजारी उभा राहिला, मी रडतोय का बघायला. खोड दोरीवर टांगून तुकड्यातुकड्यानं खाली आलं. आत बेचक्यात ओल आणि काळं पडलेलं लाकूड निघालं, मनगट जाईल एवढं. पोरगा म्हणाला, "आईचं बरोबर होतं." मी म्हटलं, "निम्मं." तो म्हणाला, "तिनं पूर्ण झाडाचा अर्ज केला म्हणून निम्मं तरी तोडलंत." याचं बोलणं दिवसेंदिवस तिच्यासारखं होत चाललंय.

आता झाड एका बाजूनं उघडं पडलं. गल्लीतून बघितलं तर अर्धी दाढी केलेल्या माणसासारखं दिसतं. पण उरलेल्या खोडाच्या फांदीला झुपक्यानं जांभळं लटकलेली, त्याला काही कळलेलं नाही.

कापलेल्या जागेवरून भांडण झालं. जखम केवढी, ताटाएवढी. म्हातारा म्हणाला शेण-माती लिंपा. मी म्हटलं तेल रंग लावतो, पाणी शिरणार नाही. गडी म्हणाला, काहीच लावू नका, त्याचं ते भरून काढतं, तुम्ही फक्त हात लावू नका. हे वाक्य त्यानं माझ्याकडं बघून म्हटलं. मी लावला नाही. म्हाताऱ्यानं मात्र माझी पाठ वळताच कडेनं शेण लावून ठेवलं.

"जगेल का?" मी गड्याला विचारलं.

"येत्या पावसाळ्यात नाही कळणार. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात बघा. कडेनं साल आत सरकायला लागली तर जगलं म्हणायचं."

म्हणजे दोन पावसाळे. आता खरं सांगतो. ती गेल्यापासून मी तसा निघायच्या तयारीत होतो. पोराला बँकेची पासबुकं दाखवून ठेवली होती, धोतरजोडी वेगळी काढून ठेवली होती. गोळ्या कधी घ्यायचो, कधी नाही. दोन पावसाळे म्हटल्यावर माझी पंचाईत झाली. झाडाचं काय झालं हे बघितल्याशिवाय तिच्यापुढं गेलो तर पहिला प्रश्न तोच येणार, आणि मला माहीत नाही म्हणायची सोय नाही. गोळ्या नियमानं घेतोय. पोरगा खुश आहे, त्याला वाटतं त्याचं ऐकलं.

रोज सकाळी बाज आत ठेवून मी चष्मा लावून जखमेची कड बघतो. परवा डाव्या बाजूला गव्हाच्या दाण्याएवढं काहीतरी पुढं आलेलं दिसलं. मी म्हाताऱ्याला हाक मारली, ये, साल सरकलीय. त्यानं वाकून बघितलं, नखानं खरवडलं आणि म्हणाला, "न्हाई पाव्हणं. शेण हाय."